कुंभारणीचं घर

लालबागच्या आमच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात दर वर्षी पाऊस ओसरला की मातीचं एक मडकं दिसायला लागायचं. सुपारीएवढं. गोल पोट, आखूड मान, काठ बाहेर वळलेला, अगदी संक्रांतीच्या सुगडाचा धाकटा भाऊ. दिवाळीच्या साफसफाईत आई केरसुणी घेऊन तिथवर पोचली की आजी आडवी यायची. "राहू दे गो, कुंभारणीचं घर आहे ते."

कुंभारीण म्हणजे सुतासारख्या कमरेची, काळी-पिवळी माशी. आजीनं तिची गोष्ट कीर्तनात ऐकली होती आणि मला ती कितीदा सांगितली असेल याचा हिशेब नाही. ही माशी कुठूनतरी अळी उचलून आणते, मडक्यात कोंडते, तोंड लिंपून टाकते आणि बाहेर गुणगुणत राहते. आतल्या अळीला तिची एवढी धास्ती बसते की जागेपणी, झोपेत तिला दुसरं काही सुचतच नाही. सारखं त्या माशीचंच ध्यान. आणि ध्यान करता करता अळीच माशी होते. मडकं फोडून उडून जाते. गोष्टीच्या या टोकाला आली की आजी नकळत हात जोडायची. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो, त्यात ही माशीही आहे. नाथांचं भागवत त्याच स्कंधावरचं. ज्याचं ध्यान कराल ते व्हाल, मग ते ध्यान भक्तीचं असो की भयाचं. भ्रमरकीटन्याय म्हणतात तो हाच.

मला हे तेव्हा फार सुंदर वाटायचं. माझ्या आयुष्यातली ही पहिली उत्पत्तिकथा. दुसरी बाबांनी आणली.

बाबा गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा मी पाळण्यात होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप संपला असं आजतागायत कुणी रीतसर जाहीर केलेलं नाही. तीन-चार वर्षं हे कर, ते कर झाल्यावर बाबा फोर्टातल्या एका बाइंडिंगच्या दुकानात लागले. साच्यावर चाललेले हात कागदावर चालायला लागले. हुतात्मा चौकाच्या आसपास फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग लागायचे, त्यातले कव्हर फाटलेले, किलोच्या भावात जाणारे अंक ते उचलायचे आणि उरल्यासुरल्या रेक्झिनमध्ये बांधून मला आणून द्यायचे. वेताळ आमच्या घरात असा आला. चाचा चौधरी असा आला. आणि 1992 च्या दिवाळीच्या सुट्टीत, मी अकरा वर्षांची असताना, मरून रंगाच्या रेक्झिनमध्ये बांधलेला एक जाड ठोकळा आला. त्यात वेगवेगळ्या इंग्रजी कॉमिक्सचे अंक होते, आणि त्यात तीन अंक कृष्णधवल होते.

बाकीचे रंगीत अंक आता आठवतही नाहीत. या तिघांची पानं मात्र मी डोळे मिटूनही उलटू शकते.

ते डार्क हॉर्स या अमेरिकन प्रकाशनाचं 1988 सालचं 'एलियन्स' होतं, 'एलियन' सिनेमांवरून निघालेलं. हे अर्थात मला पुष्कळ उशिरा कळलं, कारण कव्हरं नव्हती. सहा अंकांची ही मालिका मार्क व्हरहायडननं लिहिली आणि मार्क नेल्सननं काढली. माझ्याकडे सुरुवातीचे दोन अंक होते आणि शेवटाकडचा एक. मधलं काहीच नाही. बाबांना जे मिळालं ते त्यांनी बांधलं. मराठी माध्यमातल्या पोरीला ते इंग्रजी कितीसं कळणार? शब्दकोश मांडीवर घेऊन एकेक फुगा सोडवत मी बसायची. पण चित्रांना शब्दकोश लागत नव्हता. काळा प्राणी, काळ्या अंधारात, काळ्या शाईत. रंगीत चित्रात प्राणी अंधारात उभा असतो, इथे तो आणि अंधार एकाच दौतीतून आलेले होते. कुठे रात्र संपली आणि कुठे शेपूट सुरू झालं ते बोट फिरवूनसुद्धा सांगता यायचं नाही. याच मालिकेच्या रंगवलेल्या आवृत्त्या पुढे निघाल्या. मी पाहिल्या आहेत, आणि रंग भरणाऱ्याच्या कसबाबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगते, की रंगानं त्या प्राण्याला एक बाह्यरेषा दिली आणि तिथेच तो अर्धा मेला.

कॉमिकमधलं भय सिनेमातल्या भयाहून निराळं असतं. सिनेमात ते आपल्या अंगावर येतं, कॉमिकमध्ये आपल्याला त्याच्याकडे चालत जावं लागतं. पान आपणच उलटायचं असतं. दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीत जे घडतं ते कुणीच काढलेलं नसतं, ते आपण घडवतो. पहिल्या चौकटीत माणूस, दुसऱ्या चौकटीत फक्त हात. मधला खून माझ्या डोक्यात झाला. अकराव्या वर्षी मला हे शब्दांत सांगता आलं नसतं, पण चाळीच्या गॅलरीतल्या साठच्या बल्बखाली पान उलटायला अंगठा धजावत नसे.

गोष्ट समजायला मागचं थोडं सांगायला हवं. 1979 च्या मूळ सिनेमात मालवाहू यानातली सात माणसं एका अनोळखी संदेशामागे निर्जन ग्रहावर उतरतात. तिथे त्यांना एक अवाढव्य, केव्हाचं मोडून पडलेलं यान सापडतं, आणि त्यात आसनावर बसल्या जागी मेलेला, अश्म झालेला एक प्रचंड चालक. त्याच्या छातीच्या फासळ्या बाहेरच्या बाजूला वळलेल्या, म्हणजे जे काही आलं ते आतून आलं. चालकाचा तो पुतळा मोठा होताच, पण आणखी प्रचंड दिसावा म्हणून दिग्दर्शक रिडली स्कॉटनं आपल्या लहान मुलांना अंतराळवीरांचे छोटे पोशाख घालून त्याच्याजवळ उभं केलं होतं. हा चालक कोण, त्या यानात त्या काळ्या प्राण्याची अंडी कुठून आली, कशासाठी चालली होती, यावर सिनेमा एक अक्षर बोलत नाही. 1986 च्या दुसऱ्या सिनेमानंही ते दार उघडलं नाही. त्याच वर्षी अमेरिकेत ऑरेगनमधल्या मिलवॉकी गावात माइक रिचर्डसननं डार्क हॉर्स सुरू केलं आणि दोन वर्षांनी या कॉमिकनं जे सिनेमांनी टाळलं होतं तेच काम हाती घेतलं. प्राण्याच्या मूळ ग्रहावर जायचं. त्याचं घर बघायचं.

माझ्याकडच्या सुरुवातीच्या अंकांत दुसऱ्या सिनेमातली दोन माणसं होती. अर्धा चेहरा जळलेला सैनिक हिक्स आणि न्यूट. न्यूट सिनेमात लहान मुलगी आहे. सगळी वसाहत मेली तरी हवेच्या नळकांड्यांत लपून एकटी जगलेली. कॉमिकमध्ये ती मोठी झाली आहे आणि मनोरुग्णालयात आहे. तिला रोज तीच स्वप्नं पडतात आणि डॉक्टर तिला सांगतात की ती विसर. मला हिक्सचं काही नव्हतं. न्यूट मात्र माझी होती. त्या ठोकळ्यातल्या इतर कॉमिक्समधल्या बायका किंचाळायच्या किंवा सुटका व्हायची वाट बघायच्या. ही एकटीच भ्यायली होती, तिचं भय खरं होतं आणि कुणाचा त्यावर विश्वास नव्हता.

आणि शेवटाकडच्या अंकात सोंड होती.

हे नीट सांगते. मूळ सिनेमातल्या त्या अश्म झालेल्या चालकाच्या तोंडापासून खाली एक जाड, घड्यांची नळी उतरते. कॉमिकवाल्यांनी ती खरीखुरी सोंड मानली आणि त्या जातीचा एक जिवंत जीव गोष्टीत आणला. प्रचंड देह, सोंड, शांत डोळे. तो येतो आणि त्या काळ्या प्राण्यांना मारून माणसांना वाचवतो. आता लालबागमध्ये वाढलेल्या मुलीला सोंड दिसली की काय वाटेल? दर भाद्रपदात आमच्या खिडकीखालून मुंबईतली अर्धी माणसं त्या सोंडेपुढे डोकं टेकायला जायची. रात्रभर रांग सरकायची, आम्ही पोरं तिला पाणी वाटायचो. सोंड म्हणजे आता सगळं ठीक होणार. मी सुटकेचा श्वास टाकला, आणि पुढच्या पानावर न्यूटला त्याचं मन कळतं. त्या मनात माणसांविषयी करुणा नसते, निव्वळ द्वेष असतो. वाचवणारा आपल्याला वाचवायला आलेलाच नव्हता. त्याला पृथ्वी हवी होती.

त्या रात्री मी आजीला चिकटून झोपले. काय झालं ते तिला सांगता आलं नाही. ज्याचा चेहरा आश्वासक आहे त्याचा हेतू तसा असेलच असं नाही, हे अकराव्या वर्षी कळणं म्हणजे पायाखालची फरशी हलणं. प्राण्याची भीती त्यापुढे काहीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नसताना मी स्टुलावर चढले आणि कुंभारणीचं मडकं फोडलं.

का फोडलं? मला वाटतं मला खात्री करून घ्यायची होती. एक उत्पत्तिकथा रात्री तोंडावर आपटली होती, दुसरी तरी शाबूत असावी. वहाणेच्या टाचेनं टोकरलं तर ढेपूळ सहज निघून आलं. वर्तमानपत्रावर ठेवून सुईनं उकललं. आत एक अळी नव्हती, पाच-सहा होत्या. हिरव्या, एकमेकींना चिकटून दाबून भरलेल्या. मेलेल्या नव्हत्या. सुई लागली की एखादीचं टोक जेमतेम थरथरायचं. आणि त्यांच्यामध्ये एक फिकट पिवळसर, बिनपायांचा, फुगलेला जीव एका अळीच्या अंगात तोंड खुपसून बसला होता. त्या अळीची कातडी अर्धी रिकामी झाली होती. तो खात होता. ती जिवंत होती.

मी तशीच बसून राहिले. आजी शेजारून कधी आली कळलं नाही. मला वाटलं ओरडेल. ती खाली बसली, चष्मा पुसला आणि वर्तमानपत्र जवळ ओढून बराच वेळ बघत राहिली.

"हे तिचं पोर," ती म्हणाली. "तिनं पोरासाठी भरून ठेवलंन. आणि तू त्याचं भरलं ताट उपडं केलंस."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"गावात पडवीभर असतात ही घरं. माहीत नसायला काय झालं?"

"मग ती ध्यानाची गोष्ट?"

"ती पण खरीच," आजी म्हणाली, आणि कागद उचलून तिनं ते सगळं जसंच्या तसं तुळशीच्या कुंडीत नेऊन ठेवलं. तिची समजूत अशी की तिथे तरी ते पोर तग धरेल. धरला नसणार. पण त्या संध्याकाळी ती दिवा लावताना कुंडीत दोनदा वाकून बघताना मी पाहिली.

पुढे मी या माशांबद्दल मिळेल ते वाचत गेले. कुंभारीण मडकं पुरं करते, मग आतल्या छताला एका बारीक धाग्यानं अंडं टांगते, आणि नंतर नांगी मारून लुळ्या केलेल्या अळ्या आणून भरते. अंडं टांगलेलं, कारण अळ्या पुरत्या मेलेल्या नसतात आणि त्यांच्या वळवळीत ते चिरडलं जाऊ शकतं. फ्रान्सच्या फाब्र या कीटकशास्त्रज्ञानं हा धागा शंभरावर वर्षांपूर्वी बारकाईनं टिपून ठेवला आहे. अळ्या मारून टाकल्या तर त्या कुजतील आणि पोराला ताजं अन्न मिळणार नाही, म्हणून जिवंत. दुसऱ्या कुळातल्या माशा तर मडकंही करत नाहीत, थेट जिवंत अळीच्या अंगातच अंडी घालतात. डार्विननं 22 मे 1860 ला एसा ग्रे या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाला पत्र लिहिलं, त्यात त्यानं याच माशांचा दाखला दिला आहे. सुरवंटाच्या जिवंत शरीरात राहून त्याला आतून खाणारे हे जीव एखाद्या दयाळू, सर्वशक्तिमान ईश्वरानं मुद्दाम घडवले असतील, असं आपलं मन मानत नाही, असं तो लिहितो. यातल्या काही माशा अंड्याबरोबर एक विषाणूही आत सोडतात. तो अळीची प्रतिकारशक्ती बंद पाडतो. त्या विषाणूची जनुकं माशीच्या स्वतःच्या जनुकांतच कोट्यवधी वर्षांपासून मुरलेली आहेत. कुठे माशी संपते आणि कुठे विषाणू सुरू होतो, याला तिथेही बाह्यरेषा नाही.

सिनेमाची मूळ कथा लिहिणाऱ्या डॅन ओबॅननच्या डोळ्यांपुढे परजीवी कीटक होतेच. आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. त्याला क्रोन्स हा आतड्यांचा आजार होता. आपल्याच पोटात काहीतरी आहे, ते आपल्याला आतून खातंय, हे त्यानं रोजच्या रोज सोसलं होतं, आणि छाती फोडून बाहेर येणाऱ्या त्या जिवाचं मूळ या दुखण्यात असल्याचं सांगितलं जातं. 2009 मध्ये त्याच आजारात तो गेला. प्राण्याला रूप दिलं ते स्वित्झर्लंडच्या एच. आर. गीगरनं, आपल्या आधीच्याच एका चित्रातून. म्हणजे तो प्राणी खरा आला कुठून, असं कुणी विचारलं तर एका माणसाच्या पोटातून आणि दुसऱ्याच्या झोपेतून, असं मी सांगेन. पण वाचकाचं यावर समाधान होत नाही, माझंही झालं नाही. गोष्टीतल्या प्रश्नाला गोष्टीतलंच उत्तर लागतं.

मालिकेचे मधले अंक मला नोकरीला लागल्यावर एका संग्रहात मिळाले. दुकानातच उभ्याउभ्या चाळताना काहीतरी चुकतंय असं वाटलं. हिक्सचं नाव विल्क्स झालं होतं. न्यूटचं बिली. 1992 च्या तिसऱ्या सिनेमानं सुरुवातीलाच हिक्स आणि न्यूट यांना मारून टाकलं, मग कॉमिकमध्ये ती जिवंत कशी, म्हणून पुढच्या आवृत्त्यांत त्यांची नावं बदलली गेली. मी ते पुस्तक घेतलं, पण घरी येऊन पेन्सिलीनं प्रत्येक फुग्यात न्यूट असं परत लिहिलं. पुस्तकावर रेघ ओढणं बाबांना खपायचं नाही. हे मात्र त्यांनी बघितलं आणि काही बोलले नाहीत.

मधल्या अंकांत जे होतं त्यानं मला पुन्हा आजीकडे नेलं. पृथ्वीवर एका कंपनीनं त्या प्राण्यांच्या राणीला, अंडी घालणारीला, प्रयोगशाळेत कोंडून ठेवलेलं आहे, आणि शहरातल्या माणसांना तिची स्वप्नं पडायला लागली आहेत. स्वप्नात ती बोलावते. भीतीची हळूहळू ओढ होते. साल्व्हाजे नावाचा एक धर्मप्रवचनकार उभा राहतो, तो या स्वप्नांचा पंथ करतो, आणि त्याचे भक्त आपणहून त्या राणीकडे जातात, आपली शरीरं द्यायला. भयानं ध्यान करता करता तेच होणं. एका अमेरिकन लेखकानं भ्रमरकीटन्याय पुन्हा लिहिला होता, आणि त्याला त्याची खबर असण्याचं कारण नव्हतं. आजी म्हणाली होती ती गोष्ट पण खरीच. कुठल्या अर्थानं खरी, ते मला या पानांवर समजलं. तोवर आजी गेली होती.

बाबांना मी कथा सांगायची. त्यांना प्राण्यात रस नव्हता. ते विचारायचे, "यात कंपनी काय करते?" कारण या सगळ्या गोष्टींत एक कंपनी असते. तिला प्राणी जिवंत हवा असतो, शस्त्र म्हणून, आणि यानातली माणसं गेली तरी चालतील असा तिचा आदेश असतो. पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा बाबा सरस ढवळत होते. ढवळायचे थांबले. "म्हणजे माहीत असून पाठवलीन त्यांना," एवढंच म्हणाले.

2012 मध्ये रिडली स्कॉट त्या मेलेल्या चालकाकडे परतला. तो सिनेमा मी परळजवळच्या एका मॉलमध्ये पाहिला. गिरणीच्या जागेवर उभा राहिलेला मॉल. बाबांची गिरणी ती नव्हे, पण भोंगा आमच्या घरात ऐकू यायचा त्यातलीच एक. पडद्यावर त्या चालकाचं मस्तक बाजूला सरकलं आणि आतून पांढराफटक, बिनकेसांचा, माणसासारखाच चेहरा निघाला. सोंड म्हणजे शिरस्त्राणाची नळी होती. वीस वर्षं मी त्या सोंडेशी मनात झगडत होते आणि ती मुखवट्याचा भाग निघाली. मला राग आला. नंतर लक्षात आलं, कॉमिकनं सांगितलं होतं तेच सिनेमा दुसऱ्या वाटेनं सांगत होता. चेहरा कुठलाही असो, हेतू तोच. यांनीच आपल्याला घडवलं आणि यांनाच आपल्याला पुसायचं होतं.

त्या सिनेमाच्या सुरुवातीला असाच एक महाकाय जीव काळं द्रव पितो, धबधब्यात विरघळतो, आणि त्याच्या शरीराचे तुकडे पाण्यात जीवन पेरतात. मला तिथे जयंत नारळीकरांची आठवण झाली. पृथ्वीवरचं जीवन बाहेरून आलं असेल का, हा प्रश्न त्यांनी विज्ञानाच्या अंगानं तपासला. कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत ते बरीच वर्षं होते. 2001 च्या जानेवारीत हैदराबादहून एक फुगा सोडला गेला, त्यानं 41 किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने आणले, आणि त्यात सूक्ष्मजीव सापडले. पुढच्या अशाच एका उड्डाणातल्या नमुन्यांतून जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्याचं इस्रोनं 2009 मध्ये जाहीर केलं, एकीला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांचं नाव दिलं. ते जीव अवकाशातून आले, असं यानं सिद्ध झालेलं नाही. पण प्रश्न उलटा फिरतो. परग्रहावरचा जीव कुठून आला, हे विचारणारे आपणच कदाचित परग्रहावरचे. शाळेत असताना दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयातून मी नारळीकरांची 'यक्षांची देणगी' आणि नारायण धारपांच्या समर्थकथा एकाच पिशवीतून आणायची. धारपांकडे कितीही अभद्र काही आलं तरी समर्थ होते. ते आले की वाचणारीचा श्वास परत यायचा. त्या मरून ठोकळ्यात समर्थ नव्हते. सोंडवाला होता.

उत्पत्ती सांगितली की भय मरतं, असं म्हणणारे बरेच भेटतात. मी त्यांच्या बाजूची नाही, पण त्यांचं म्हणणं कुठे लागू पडतं ते मला माहीत आहे. 2017 च्या सिनेमानं सांगितलं की या प्राण्याला आजच्या रूपात आणलं एका यंत्रमानवानं, प्रयोग करत करत, एकट्यानं. हे उत्तर मला लहान वाटतं. एवढ्या मोठ्या काळोखाला एका टेबलाच्या खणात बसवल्यासारखं. 2014 च्या 'फायर अँड स्टोन' या कॉमिक-मालिकेनं त्याच काळ्या द्रवाचं जे केलं ते मात्र मी पुन्हापुन्हा वाचते. त्याच वर्षी मे महिन्यात गीगर गेला होता आणि सप्टेंबरात ही मालिका सुरू झाली. वेगवेगळ्या लेखकांनी एकच कथा वाटून घेतली. त्यातला पहिला भाग पॉल टोबिनचा, चित्रं हुआन फेरेराची. मोहीम एका ओसाड उपग्रहावर उतरते, तर तिथे जंगल माजलेलं. पण मला त्या जंगलापेक्षा फ्रान्सिस आणि एल्डनची जोडी जास्त लक्षात राहिली. फ्रान्सिस शास्त्रज्ञ आहे, कर्करोगानं मरायला टेकलेला. एल्डन त्याचा यंत्रमानव सोबती, विश्वासू. ते काळं द्रव आपल्याला वाचवेल का, हे बघायला फ्रान्सिस ते आधी एल्डनमध्ये टोचतो. एल्डन बदलत जातो. फेरेरानं त्याचं बदलणं एका झटक्यात दाखवलेलं नाही. प्रत्येक वेळी तो समोर येतो तेव्हा थोडा कमी ओळखीचा. आणि त्याला कळतं की आपल्यावर प्रेम करणाऱ्यानं आपल्याला आधी वापरून पाहिलं.

प्राणी कुठून आला, याचं हे उत्तर मला पुरतं. ते भय घालवत नाही, त्याचा पत्ता बदलतं. ते अवकाशातून उठून दोन माणसांमधल्या जागेत येऊन बसतं, जिथून बाबांनीही ते उचललं होतं. आणि तरी एल्डनच्या पानांवरूनही मी मडक्याकडे परत येते. कारण तिथे कुणीच कुणाला फसवलं नव्हतं. कंपनी नव्हती, प्रयोग नव्हता, द्वेष नव्हता. एका आईनं तोंडानं एकेक गोळी माती आणून घर बांधलं होतं आणि ते अन्नानं भरलं होतं. हेतूतला दुष्टपणा काढून घेतला तरी ती अळी जिवंतपणी खाल्ली जातच होती. यावर कुठल्याही कॉमिकनं मला अजून उत्तर दिलेलं नाही.

आता आम्ही भांडुपला राहतो. गॅलरीत कढीपत्त्याची कुंडी आहे. माझी नऊ वर्षांची भाची सुट्टीत आली होती, तिला पानांवर फुलपाखराचा सुरवंट सापडला. काचेच्या बरणीत, झाकणाला भोकं पाडून, रोज ताजी पानं घालून तिनं तो वाढवला. कोश झाला. रोज सकाळी उठल्याबरोबर ती बरणीशी. कोश हिरव्याचा तपकिरी झाला, मग फार दिवस तसाच राहिला. एका सकाळी तिनं हाक मारली, आणि त्या हाकेतच मला कळलं.

कोशाला टाचणीएवढं एकच भोक होतं. बरणीच्या काचेवर तीळभर, चमकणाऱ्या अंगाच्या पंचवीस-तीस माश्या चालत होत्या. फुलपाखरू नव्हतं.

ती रडली, मग तिनं डोळे पुसले. "आत्या, ह्या आल्या कुठून?"

मी तिला ध्यानाची गोष्ट सांगू शकले असते. जिभेवर आली होती. मी सांगितलं ते दुसरं. कोश अजून मऊ असताना यांची आई आली, तिनं आत अंडी घातली, आणि तू रोज सकाळी कोश बघत होतीस तेव्हा त्या आत मोठ्या होत होत्या. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग बरणी गॅलरीत नेऊन झाकण उघडलं. माश्या लगेच गेल्या नाहीत. काठावर येऊन थांबल्या, पंख साफ करत.

"आत्या, हे बघ," ती हळूच म्हणाली.

कढीपत्त्याच्या दांडीवर आणखी एक सुरवंट होता. कोश करायला बसलेला, अंग आक्रसलेलं, कमरेला धागा बांधून स्थिर. त्याच्या बाजूलाच, अर्ध्या बोटावर, तशीच एक तीळभर माशी बसली होती. हलत नव्हती. वाट बघत होती.

तिनं बोट उचललं, आणि माझ्याकडे पाहिलं.